बगदादचे पान आणि तापाचे पाणी

मी एक जुनी किताब आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. वय झाले की सगळ्यांना माफ करावे, गोड बोलावे, असे तुम्हाला शिकवले असेल. मला ते जमत नाही. माझ्यात एकशे बेचाळीस पाने होती. त्यांतली एकोणीस आज कोरी आहेत. ती वाळवीने खाल्ली नाहीत, पुरात भिजली नाहीत, कुणी फाडून नेली नाहीत. माणसांनी मला हात जोडले, डोक्याला लावले आणि ती पाने धुऊन पिऊन टाकली.

थांबा, क्रमाने सांगते. नाहीतर रागाच्या भरात शेवटचे आधी सांगून बसेन.

माझा जन्म अहमदनगरचा, निजामशाहीतला. कागद जुन्नरचा. शाई काजळाची, बाभळीचा डिंक घालून घोटलेली. दिसायला काळीभोर आणि तुकतुकीत, पण पाणी लागले की सुटणारी. मला लिहिणाऱ्या लेखनिकाला खोकल्याची उबळ यायची, तेव्हा तो बोरू बाजूला ठेवून तोंड फिरवायचा, माझ्यावर थुंकी उडू नये म्हणून. इतकी काळजी मला पुढे कुणी घेतली नाही. त्याच्यापुढे अरबस्तानातून आलेली एक प्रत असे. तिच्यावरून तो माझी एकेक ओळ उतरवून घेई.

मी धर्मग्रंथ नव्हते, मित्रांनो. हे नीट लक्षात ठेवा. मी भूगोल होते. कोणत्या बंदरातून कोणत्या वाऱ्याने निघावे, कोणत्या वाळवंटात किती मुक्कामांनंतर विहीर लागते, कुठला खजूर चांगला आणि कुठले लोक पाहुण्याला फसवतात, हे सगळे माझ्यात होते. आणि कोणत्या शहराचे नाव कसे पडले, तेही होते.

माझे अडतिसावे पान बगदादचे होते. ते आता फक्त मलाच पाठ आहे, म्हणून ऐका. त्या पानावर लिहिले होते की, या नावाबद्दल जाणत्यांचे एकमत नाही. काही म्हणतात, पूर्वेकडचा एक चाकर होता, तो बग नावाच्या मूर्तीला भजत असे. राजाने त्याला ती जमीन इनाम दिली, तेव्हा तो म्हणाला, ‘हे मला बगने दिले,’ म्हणजे फारसीत ‘बग दाद’. म्हणून बगदाद. दुसरे म्हणतात, छे, बग म्हणजे फारसीतली बाग आणि दाद हे माणसाचे नाव, म्हणून ती दादची बाग. पुढे खलिफाने दजला नदीच्या काठी गोल शहर बांधले आणि त्याचे नाव ‘शांतीचे नगर’ असे ठेवले. काही धार्मिक वृद्ध तर जुने नाव तोंडातही घेत नसत, कारण त्यात मूर्तीचा वास येतो म्हणे. पण बाजारातली माणसे, नावाडी, उंटवाले बगदादच म्हणत राहिले. आणि पानाच्या शेवटी माझ्या लेखनिकाने लिहिले होते, ‘यातले खरे कोणते ते ईश्वरालाच ठाऊक. माझी चूक दिसली तर वाचणाऱ्याने ती दुरुस्त करावी.’

किती सुंदर आहे हे! एका शहराच्या नावासाठी शहाणी माणसे शेकडो वर्षे भांडली, आणि तरी शेवटी म्हणाली की आम्हाला नक्की माहीत नाही.

नगरहून मी तळेगाव ढमढेऱ्याला आले. तिथे एक मुसलमान कारकून राहत होते. त्यांना फारसी यायची, अरबी यायची. त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि कडेच्या मोकळ्या जागेत दखनी बोलीत थोडक्यात मतलब लिहून ठेवला, घरातल्या पुढच्या पोरांना कळावा म्हणून. ते माझे सुखाचे दिवस होते. पण पुढच्या पोरांना नोकरीपुरती मोडी आली आणि अरबी गेली. त्यांच्या पोरांनी कात्री आणि सुई धरली. मला हिरव्या कापडात बांधून उंच कोनाड्यात ठेवले. दर शुक्रवारी ऊद जाळू लागले. मला वाटले, हा मान आहे. तो मान नव्हता, ती अडगळच होती, फक्त तिला सुगंध लावलेला होता.

त्या घरात एक रीत होती. कुणाला ताप आला की घरातला जाणता माणूस चिनी मातीच्या बशीवर केशराने दुवा लिही, ती पाण्याने धुई आणि ते पाणी आजाऱ्याला पाजी. मुसलमान यायचे, धनगर यायचे, माळी यायचे. ती दुवा बशीवर लिहिलेली असे, माझ्यातली नव्हे. मला कुणी हात लावत नसे. मग एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली तो जाणता म्हातारा वारला. त्याचा मुलगा मीरासाहेब शिंपी. सुईत दोरा झरकन ओवणारा, पण बशीवर एक अक्षर काढता न येणारा.

म्हातारा गेला, तरी ताप काही थांबले नाहीत. चाळिसाव्या दिवसाच्या आतच एक बाई पोराला खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. मीरासाहेबाची बायको इमामबी मनाने मऊ. तिला ‘नाही’ म्हणवेना. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि वर मी दिसले. तिचा हिशेब असा की, बशीवरची अक्षरे पवित्र, तर या किताबीतली अक्षरेही त्याच वळणाची, मग तीही पवित्रच. तिने हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला, माझे एक पान तांब्याच्या वाटीवर धरले आणि वरून पाणी सोडले. बोटाने हळूच चोळले. माझे बसरा शहर काळे होऊन वाटीत उतरले.

ते पोर बरे झाले. सर्दीचाच ताप तो, तीन दिवसांत उतरणारच होता. पण श्रेय मला मिळाले. तेव्हापासून अकरा वर्षांत बसरा धरून माझी सतरा पाने गेली. कुफा शहर एका म्हाताऱ्याच्या खोकल्यात गेले. समुद्राची वाट एका बाळंतिणीच्या पोटदुखीत गेली. आणि इमामबीने एक पथ्य घालून दिले होते, सासऱ्यापासून चालत आलेले. पाणी प्यायल्यावर तीन दिवस दुसरी कसली दवा घ्यायची नाही, नाहीतर गुण येत नाही. या पथ्याचा मला सगळ्यात जास्त राग येई. ओरडावेसे वाटे, अगं बाई, तू त्यांना उंटाचे मुक्काम पाजते आहेस! पण किताबीला तोंड नसते.

एकोणसाठ साली घरात सून आली. तिचे नाव मेहरुन, माहेर दौंडचे, बाप रेल्वेत फायरमन. उर्दू शाळेत सातवी शिकलेली. रमजानच्या आधी तिने घर झाडायला काढले आणि मला खाली उतरवले. हिरवे कापड सोडले आणि मला उघडले. मित्रांनो, मला उघडले! अरबी तिला समजत नव्हती, पण अक्षर लागत होते, आणि कडेची दखनी तिला सरळ कळत होती. बोट ठेवून ती वाचू लागली. बगदादच्या पानावर तर ती मांडी घालूनच बसली. केर तसाच राहिला.

“अम्मा,” ती इमामबीला म्हणाली, “ही कुराणाची किताब न्हाई. यात गावांची, रस्त्यांची माहिती हाय. बगदादचं नाव कसं पडलं, ते लिवलंय.”

इमामबीचा चेहरा पडला, मग लाल झाला. “चार बुकं शिकलीस म्हणून सासऱ्याच्या घरातल्या किताबीला खोटी म्हणतीस? तोबा कर आधी!”

दुपारी मीरासाहेब मशीनवर बसले होते. त्यांनी सुनेला बोलावले. पाय थांबवले नाहीत, मान वर केली नाही.

“वाचलीस?”

“व्हय, अब्बा.”

“मग आता मीट.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते! त्यांच्या बापाने मरायच्या आधी सांगितले होते, ही सफरीची किताब आहे, दुवेची नाही. अकरा वर्षे हा माणूस खाली बसून चोळ्या शिवत होता आणि वर माझी पाने धुतली जात होती. का गप्प बसला, तेही मला माहीत आहे. सत्तेचाळीसच्या सुमाराला बाहेरगावांहून वाईट बातम्या येत होत्या, तेव्हा गावातली कर्ती माणसे रात्रंदिवस त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. म्हणाली होती, या घरात किताब आहे, या घराला कोण हात लावतो ते बघू. ती आठवण त्यांच्या मनात घट्ट बसली होती. किताबीचा मान गेला तर आपला आसरा जाईल, असे त्यांना वाटे. मला ते समजते. पण समजले म्हणून राग जात नाही.

मेहरुनने मला मिटले आणि परत कोनाड्यात ठेवले. उन्हाळा आला.

गावाबाहेर धनगरांची वस्ती आहे. पूर्वी ते मेंढरे घेऊन रानोमाळ फिरत, आता बरेचसे शेतीला लागलेले. तिथले गेणबा आणि भामाबाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीचे नाव नकुशी. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून बापाने बारशाला तेच नाव घातले. माझ्यात एवढी शहरे आहेत, मित्रांनो. कुणाला नदीवरून नाव मिळाले, कुणाला बागेवरून, कुणाला देणगीवरून. ‘नको होते’ म्हणून नाव दिलेले एकही शहर माझ्यात नाही.

ताप येऊन चार दिवस झाले होते. इमामबीने येमेनच्या वाटेचे पान धुऊन दिले. तीन दिवस गेले, ताप उतरला नाही, उलट पोर बरळायला लागली. सातव्या दिवशी ती दोघे परत आली. भामाबाई उंबऱ्यातच बसली.

“चाची, पोरगी डोळं उघडंना. बाजारात नर्सबाई म्हणली, मुदतीचा ताप हाय, टायफाईड, शिरूरच्या दवाखान्यात न्या. ह्ये म्हणत्यात, आधी किताबीचं पाणी पुरं करू.”

“पहिलं पान हलकं पडलं आसंल,” गेणबा म्हणाला. “थोरलं पान द्या, चाची.”

इमामबीने मला उतरवले. ती पाने चाळू लागली. जिथे शाई सगळ्यात दाट, तिथे ताकद सगळ्यात जास्त, असा तिचा समज. बगदादच्या पानावर मजकूर खच्चून भरलेला होता. ती तिथेच थांबली.

“अम्मा, नगा!” मेहरुन पुढे आली. “पोरीला शिरूरला न्हेऊ द्या. या पानात दवा न्हाई, दुवाबी न्हाई!”

“तू आत जा,” इमामबी म्हणाली. पान तिने सोडले नाही.

भामाबाईने मशीनकडे पाहिले. “मीरामामा, तुमी शानं मानूस. तुमी सांगा, काय करू?”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मशीनचे चाक थांबले. आता बोलतील, असे मला वाटले. एक वाक्य पुरेसे होते.

“घ्या पाणी,” मीरासाहेब म्हणाले. “बरं वाटंल.” आणि चाक पुन्हा फिरवू लागले.

बगचा चाकर गेला. दादची बाग गेली. शांतीचे नगर गेले, ते नाव न घेणारे वृद्ध गेले, ते घेणारे नावाडी गेले. कारकुनांनी कडेला लिहिलेला मतलब गेला. माझ्या लेखनिकाची ती शेवटची ओळही काळी होऊन वाटीत उतरली. नकुशीच्या दातखिळीतून चमच्याने ते पाणी आत सोडले. निम्मे गालावरून ओघळले. पाठोपाठ पथ्य सांगून झाले. तीन दिवस दुसरी दवा नाही.

त्या संध्याकाळी मेहरुन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरचे आडवे झाले, तेव्हा तिने मला कोनाड्यातून काढले, पदराखाली धरले आणि अनवाणीच वस्तीची वाट धरली. नव्या सुनेने एकटीने असे जायचे नसते. परतल्यावर आपल्याला काय ऐकावे लागेल, हे तिला ठाऊक होते. तरी ती गेली. माझ्या साडेतीनशे वर्षांत माझ्यासाठी कुणी अनवाणी चालले असेल, तर ती हीच. नाही, चुकले. ती माझ्यासाठी चालली नव्हती. ती नकुशीसाठी चालली होती, आणि तेच बरोबर होते.

झोपडीत भामाबाई पोरीच्या कपाळावर ओले फडके धरून बसली होती. मेहरुनने मला तिच्यापुढे ठेवले.

“वैनी, ही पाक किताब न्हाई. यात शहरांची नावं हायत.”

“मला वाचाया येतंय व्हय? तू म्हणतीस येक, तुझी सासू म्हणती येक. मी कुणाचं ऐकू?”

भामाबाईचे काही चुकले नव्हते.  मेहरुनने भराभर माझी पाने उलटली आणि एकोणचाळिसावे पान काढले. तिथे चित्र आहे. गोल तटबंदी, चार दरवाजे, शेजारून वाहणारी नदी, नदीत नाव आणि नावेत पागोटे घातलेली दोन माणसे.

“हे बघा. मशिदीत कवा चित्र बघितलंत? आमच्या कुराणात माणसाचं चित्र आसतंय का?”

भामाबाई बघत राहिली. तिचे सगळे आयुष्य तळेगावात मुसलमानांच्या शेजारी गेले होते. दर्ग्यात नारळ ठेवला होता, मशिदीपुढून हजारदा गेली होती. तिथे चित्र नसते, एवढे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने बोटाने त्या नावेतल्या माणसांना हात लावून पाहिला.

“मंग माझ्या पोरीला काय पाजलंत तुमी?” ती किंचाळली.

गेणबा बाहेरून धावत आला. पथ्य मोडते म्हणून तो आडवा आला. भामाबाईने त्याला बाजूला ढकलले, लुगड्याच्या झोळीत पोरीला बांधले आणि निघाली. शिक्रापूरच्या फाट्यावर तिला भाजीचा ट्रक मिळाला. आठ दिवसांचा ताप अंगात घेऊन नकुशी शिरूरला पोचली. मला मेहरुनने पदराखालून परत कोनाड्यात आणून ठेवले.

ती जगली, मित्रांनो. पंचवीस दिवस दवाखान्यात होती. डोक्यावरचे सगळे केस गळले, आणि डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले. तिथले डॉक्टर भामाबाईला म्हणाले, “चार-पाच दिवस आधी आणली असती, तर कान वाचला असता.” हे तिने येऊन सांगितले, म्हणून मला कळले.

ती आली, तो दिवस आठवड्याच्या बाजाराचा होता. ओट्यावर माणसे होती. गेणबाही होता, आणि तो काय सांगत होता, माहीत आहे? “किताबीचं पाणी पोटात व्हतं, म्हणून तगली! डॉक्टरनं निस्त्या सुया मारल्या.” माणसे माना डोलावत होती आणि आत माझ्याकडे बघून हात जोडत होती. त्या क्षणी वाळवी लागून मी मरून गेले असते, तरी चालले असते.

भामाबाई पोरीला कडेवर घेऊन पुढे झाली. ती ओरडली नाही. तिने विचारले, “मामा, माझी पोर जे पान प्याली, त्यावर काय लिवलं व्हतं?”

 मेहरुन दारातून म्हणाली, “बगदाद नावाच्या शहराला नाव कसं पडलं, ते व्हतं. कुणी म्हणतं, बागंवरनं पडलं. कुणी म्हणतं, देवानं दिलं म्हणून पडलं.”

“आन् माझ्या पोरीच्या तापावर?”

“काय बी नव्हतं, वैनी.”

मीरासाहेब उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. “खरं हाय,” ते म्हणाले. “त्यात दुवा न्हाई. बापानं मला सांगितलं व्हतं. मला अकरा साल ठावं हाय.” इमामबी तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही त्यांनी कधी सांगितले नव्हते. तिचे पाप तेवढे कमी, त्यांचे तेवढे जास्त.

 कुणी त्यांच्यावर धावून गेले नाही, कुणी घराला हात लावला नाही. ज्या भीतीपायी अकरा वर्षे आणि एक कान गेला, ती भीती एवढीच होती.

आणि तेवढ्यात वरवंडहून आलेली साखरबाई नावाची एक बाई पुढे सरकली. तिच्या खांद्यावर तान्हे तापाने फणफणले होते. तिने सगळे ऐकले होते, शब्द न शब्द.

“आसू द्या, मामा,” ती म्हणाली. “न्हाई तर न्हाई. तरीबी घोटभर द्याच. काय बिघडतंय?”

मित्रांनो, यावर मी काय बोलू? साडेतीनशे वर्षांचे शब्द माझ्याकडे आहेत, त्यांत यावर एक नाही.

“बिघडतंय,” मीरासाहेब म्हणाले. त्यांनी टोपी घातली, चप्पल पायात सरकवली. “चल बाय, शिरूरच्या दवाखान्यापातुर मी येतो.” आणि ते तिच्यासोबत निघाले. चांगले झाले. पण मी त्यांना शाबासकी देणार नाही. अकरा वर्षांपूर्वी निघायला हवे होते.

मी आता मेहरुनकडे असते. माझी एकशे तेवीस पाने उरली आहेत, त्यांतली वाचता येतील तेवढी ती वाचते. तुमच्याही घरात वर कुठेतरी कापडात बांधलेले काही असेल. त्याला नमस्कार करण्याआधी ते उघडा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलवा. आणि आत काय आहे ते माहीत असून जो कुणी गप्प बसला असेल, त्याला माझ्या वतीने चांगले खडसावून विचारा. फक्त विचारताना नकुशीच्या उजव्या बाजूला उभे राहा, म्हणजे उत्तर तिलाही ऐकू येईल.